काका, हे उघड पत्र तुम्हाला

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

समोर आभार मानले की तुम्ही लगेच ‘चहा टाकू का?’ म्हणून विषय बदलता. म्हणून चारचौघांत लिहिते आहे, वडोदऱ्याच्या दांडियाबाजारातल्या आपल्या वाचनगटाच्या सगळ्या आईबाबांच्या वतीनं.

आमची मुलं घरी मराठी बोलतात, शाळेत गुजराती नाहीतर इंग्रजीत शिकतात आणि मराठी पुस्तक हातात दिलं की दुसऱ्या ओळीला अडखळतात. क्लास लावावा, एवढंच आम्हाला सुचत होतं. तुम्ही ग्रंथालयात जन्म काढलेला माणूस; तुम्ही एक मोठा कागद मागितलात. ग, त, न, म, र, स ही अक्षरं वरची रेघ सोडली तर देवनागरी आणि गुजराती या दोन्ही लिप्यांत जवळपास सारखी. घोटाळा होतो तो ख, च, ज, झ, ब यांपाशी. तेवढी अक्षरं भिंतीवर लावलीत आणि शिकवणं तिथंच संपवलंत. (ळ मात्र गुजराती माध्यमातल्या मुलांना अजिबात अडत नाही. हिंदीतून देवनागरी शिकलेली मुलं तिथं थबकतात.)

शाळा सुटल्यावर मुलं दमून, भुकेजून येतात. आधी मुरमुरे-शेव, मग तुमचं मोठ्यानं वाचन. चोर खिडकीतून आत आला रे आला की तुम्ही पुस्तक मिटणार! पुढचं ज्याला हवं त्यानं पुस्तक घरी न्यावं. त्या एका प्रतीवरून जिन्यात जी भांडणं होतात, ती ऐकून मला भारी समाधान वाटतं.

आमच्यातल्याच काहींनी सुचवलं होतं, की प्रत्येक पुस्तकाचा सारांश वहीत लिहून घेऊ, जास्त वाचेल त्याला बक्षीस देऊ. तुम्ही ठाम नाही म्हणालात. उलट, कंटाळा आला तर पुस्तक अर्धवट परत करायची मुभा दिलीत, आणि ‘का सोडलंस?’ असंही कुणी विचारायचं नाही. माझ्या मते तुम्ही आम्हाला दिलेलं सगळ्यात मोठं देणं हेच. माझा मुलगा पुस्तकं सोडत सोडत एके दिवशी एकापाशी थांबला आणि जेवायला उठेना. सारांशाची वही असती तर तो पहिल्याच पुस्तकाला पळाला असता.

उन्हाळ्याची पेटीही तुमचीच कल्पना. सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पण शाळेत शिकलेलं पुढं टिकायचं तर हाताशी पुस्तकं हवीत, म्हणून 1910 मध्ये अमेरिकेहून बॉर्डनसाहेब या ग्रंथपालांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभं केलं. गावोगाव लाकडी पेट्यांतून पुस्तकं जायची. हे सांगता सांगता तुम्ही आमच्या रिकाम्या हापूसच्या पेटीकडे बोट दाखवलंत! तेव्हापासून मे महिन्यात पेटी दर आठवड्याला नव्या घरी जाते. ऊन चढायच्या आत, सकाळी आठलाच मुलं तिथं जमतात. ज्याच्या घरी पेटी, तोच त्या आठवड्याचा ग्रंथपाल. नोंदवही त्याची आणि दटावणंही त्याचंच. माझी नणंद दोनदा दटावली गेली आहे.

नवरात्रात कुणी फिरकत नाही, उत्तरायणाच्या आधी तर सगळे पतंग घेऊन गच्चीवर. तुम्ही त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाहीत, म्हणून मुलं आपसूक परत येतात.

पेटीतली काही पुस्तकं खिळखिळी झाली आहेत. चिकटपट्टीला तुमची बंदी आहे, ती पिवळी पडून कागदच फाडते, हे आता मुलंही एकमेकांना ऐकवतात. तेव्हा शनिवारी सुई-दोरा, पुठ्ठा आणि खळ घेऊन येतो आहोत. दोन मोठ्या मुलींना शिवण शिकायची आहे. गुडघा दुखतो आहे ना, दार उघडायला उठू नका, कडी काढून ठेवा. आणि चहा या खेपेला मी टाकणार.

आपली,
वाचनगटातली एक आई
वडोदरा