पाय कापण्याआधी धमनी पाहा : वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खानदेशातून खुले पत्र

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : खानदेशातील एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात रक्तवाहिनी शल्यचिकित्सा विभाग सुरू करणे आणि कापलेल्या प्रत्येक पायाची कारणासह नोंद ठेवणे.

महोदय,

सविनय नमस्कार.

मी पारोळा तालुक्यात २७ वर्षे जनरल प्रॅक्टिस करणारा डॉक्टर आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे ४१ वर्षांचा एक शेतमजूर आला होता. ‘डाक्टर, पोटरीमा गोळा येस,’ एवढीच त्याची तक्रार होती. शिवारातून घरी येताना दोन-तीनदा बांधावर बसावे लागते, बसले की गोळा जातो आणि चालू लागले की पुन्हा येतो, असे त्याने सांगितले. दिवसाला दोन बंडल विडी तो ओढत असे. मी त्याला कॅल्शियमच्या आणि बी-१२च्या गोळ्या लिहून दिल्या. पाच महिन्यांनी त्याच्या पायाचा अंगठा काळा पडला. एका रुग्णालयात अंगठा काढला, पण जखम भरली नाही. मग गुडघ्याखाली पाय कापला, तीही जखम चिघळली. शेवटी मांडीतून पाय गेला. त्याच्या फायलीतील सगळे कागद मी नंतर वाचले. निदानाच्या रकान्यात ‘गँगरीन’ एवढाच शब्द होता आणि पायाची नाडी हाताला लागते की नाही, याची एक ओळही कुठे नव्हती. ती माझ्या पहिल्या चिठ्ठीवरही नव्हती.

गँगरीन हा आजाराचा शेवट आहे, कारण नव्हे. शाबूत कातडी जिवंत राहायला जेवढे रक्त पुरते, त्याहून कितीतरी अधिक रक्त कापलेली जखम भरून यायला लागते. म्हणून वरची धमनी बंद असताना बोट काढले तर ती जखम भरत नाही आणि पाय टप्प्याटप्प्याने वर वर कापला जातो.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा विकत घेणारा माणूस त्याला आधी चालवून, पळवून पाहतो. बूले या फ्रेंच पशुवैद्याने १८३१ मध्ये थोडे पळाल्यावर लंगडणाऱ्या आणि थांबवल्यावर पूर्ववत होणाऱ्या घोड्याचे वर्णन केले आणि मागच्या पायांकडे जाणारी धमनी बंद झाल्याने हे होते, हे दाखवले. १८५८ मध्ये फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी हाच प्रकार माणसात ओळखला. माझ्या रुग्णाने मला शब्दशः तेच सांगितले होते. त्याला दवाखान्यासमोर शंभर पावले चालवून, पुन्हा झोपवून, घोट्यामागची आणि पायाच्या पाठीवरची नाडी पाहायला मला पाच मिनिटे लागली असती. रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या, हातात मावणाऱ्या डॉप्लर यंत्राने घोट्याजवळचा रक्तदाब मोजून तो दंडातल्या रक्तदाबाने भागला आणि उत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आले, तर पायाच्या धमनीत अडथळा आहे असे समजतात. मधुमेह्यांत धमनीची भिंत चुन्यासारखी कडक होते आणि हा आकडा फसवा, वाढीव येतो. तिथे अंगठ्याचा दाब मोजावा लागतो.

कारणांचा प्रश्न आमच्या भागात अधिक गुंतागुंतीचा आहे. धमनीकाठिण्यात भिंतीत चरबी साठत जाते. १९१३ मध्ये रशियात आनिचकोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून तसे थर निर्माण करून दाखवले आणि १९४८ मध्ये अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावात सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासातून रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध पुढे आला. पण चाळिशीच्या आतबाहेरचा, विडी ओढणारा, मधुमेह नसलेला जो मजूर आम्हाला दिसतो, त्याचा आजार पुष्कळदा निराळा असतो. त्याला बर्जरचा आजार म्हणतात. त्यात हातापायांच्या लहान आणि मध्यम रक्तवाहिन्या दाहाने व गुठळ्यांनी भरून जातात आणि तंबाखूशी त्याचे नाते इतके घट्ट आहे की, गँगरीन होण्याआधी तंबाखू पूर्ण सोडणाऱ्याचा पाय सहसा वाचतो, तर दिवसाला एक-दोन विड्या चालू ठेवणाऱ्याचा आजार पुढे सरकत राहतो. तंबाखू हा दाह नेमका कसा पेटवते, हे अजून पुरते उलगडलेले नाही. लिओ बर्जर यांनी १९०८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हे वर्णन केले, ते ११ कापलेल्या पायांतील रक्तवाहिन्या तपासून. आपल्याकडे कापलेल्या पायाची धमनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला काचपट्टीवर किती वेळा जाते, याची आपण चौकशी करावी, अशी माझी विनंती आहे.

उपचारांचे ज्ञान नवे नाही. फ्रेंच सर्जन कारेल यांनी १९०२ मध्ये रक्तवाहिन्या एकमेकींना शिवण्याची पद्धत मांडली आणि १९१२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. कुन्लिन यांनी १९४८ मध्ये पॅरिसमध्ये रुग्णाच्याच पायातील शीर काढून, ती उलटी जोडून, बंद धमनीला वळसा (बायपास) दिला; ही शीर बाजारातून विकत आणावी लागत नाही. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेत डॉटर यांनी, पाय कापून घ्यायला नकार देणाऱ्या एका वृद्ध बाईची मांडीतील धमनी नळीने रुंद केली आणि तिचा पाय वाचला. फोगार्टी यांनी १९६३ मध्ये जगापुढे ठेवलेल्या, टोकाला फुगा असलेल्या बारीक नळीने हृदयातून वाहत येऊन पायात अडकलेली गुठळी बाहेर ओढता येते. मात्र अशा अचानक अडकलेल्या गुठळीला साधारण सहा तासांची मुदत असते. धडगावच्या पाड्यावरून नंदुरबार, तिथून सुरत, किंवा आमच्याकडून धुळे आणि पुढे दीडशे किलोमीटर नाशिक या प्रवासात ती मुदत रस्त्यातच संपते.

वळसा द्यावा की फुग्याने धमनी रुंद करावी, यावर आजही मतभेद आहेत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,८३० रुग्णांच्या बेस्ट-सीएलआय या चाचणीत पायाची चांगली शीर उपलब्ध असणाऱ्यांना शस्त्रक्रिया अधिक लाभली. २०२३ मध्ये ३४५ रुग्णांच्या बेसिल-२ या चाचणीत, गुडघ्याखालील धमन्यांच्या आजारात, आधी नळीचा उपचार घेणाऱ्यांचा निकाल सरस आला. दोन्ही चाचण्या धमनीकाठिण्याच्या रुग्णांवरच्या. बर्जरच्या रुग्णात शीर जोडायला खाली मोकळी धमनीच पुष्कळदा सापडत नाही, म्हणून कमरेतील चेतातंतू कापून वेदना आणि व्रण थोडे कमी करण्यावर भागवावे लागते. आमच्या विडी ओढणाऱ्या मजुराला यातले काय लागू पडते, हे त्याच्याच भागात अभ्यासावे लागेल.

२०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्या ८ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होता, याचा मला आनंद आहे. पुढे महात्मा फुले यांच्या नावाने चालू असलेल्या या योजनेने गरिबाच्या खर्चाची चिंता पुष्कळ हलकी केली. आता धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यांपैकी एका ठिकाणी प्रशिक्षित व्हॅस्क्युलर सर्जनची कायम पदे, डॉप्लर व अँजिओग्राफीची सोय आणि चोवीस तास गुठळी काढण्याची व्यवस्था असलेला विभाग द्यावा. जीव वाचवण्यासाठी तातडीने पाय काढावा लागतो, ते प्रसंग वगळून, घोट्याचा किंवा अंगठ्याचा दाब लिहिल्याशिवाय कोणत्याही शासकीय रुग्णालयात पाय कापला जाऊ नये, असा आदेश काढावा. आणि कापलेल्या प्रत्येक पायामागे वय, तंबाखू, मधुमेह व धमनीच्या तपासणीचा निष्कर्ष यांची नोंद तिन्ही महाविद्यालयांनी एकत्र ठेवावी. या शेवटच्या मागणीला पैसा फारसा लागत नाही, आणि माझ्या मते तीच सर्वांत आधी मान्य व्हावी.

त्या शेतमजुराचा दुसरा पाय अजून शाबूत आहे. त्याने विडी सोडली आहे, तो कुबड्यांवर माझ्याकडे दर महिन्याला येतो आणि मी त्याच्या घोट्याची नाडी पाहतो; ती मंद लागते. त्याला पुढच्या तपासणीसाठी खानदेशात कुठे पाठवू, एवढे आपण मला कळवावे.

आपला विश्वासू,
पारोळा तालुक्यातील एक डॉक्टर