डोंगरातल्या घरांचं कौतुक पुरे

संपादक साहेब, डोंगरातली माणसं किती काटक, किती चिवट असं आपण नेहमी वाचतो, पण हे चिवटपण घरातल्या माणसांच्या जिवावर चालतं हो. बाप शहरात मजुरीला, आई उतारावरच्या तुकड्यात राबतेय, धाकट्याला आजी बघते आणि थोरली पोरगी पाणी भरून मग शाळेला पळते, त्यात एक जण आजारी पडला की सगळा मेळ बिघडतो कारण दवाखाना पार खाली आणि पावसात दरड आली की रस्ताच बंद. २००२ हे युनोचं पर्वत वर्ष होतं, २००३ पासून ११ डिसेंबरला पर्वत दिन पण असतो (फोटो मस्त येतात!). पण वरच्या वस्तीत नर्स कायमची राहील आणि पाणी दारात येईल याचं काय, ते कोणीतरी विचारा.

- एक वाचक