बाळाविषयी, आई-बाबांस

तीर्थरूप बाबा व आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलेल्या, जन्माआधीच मेंदूला इजा झालेल्या त्याच मुलीला दत्तक घेण्याचे आम्ही पक्के केले असून गणपतीला तिला घेऊन वेंगुर्ल्याला येत आहोत. फोनवर आईचा आवाज कापरा झाला म्हणून मी विषय थांबवला. परंतु हा निर्णय घाईचा नाही. आम्ही थांबलो असतो तर दुसरे बाळ मिळाले असते, हे मान्य आहे. या मुलीला मात्र आणखी थांबायला लावणे आम्हांला बरे वाटले नाही.

आई, "रक्तातच असेल ते" ही तुझी भीती मी समजू शकते, पण तिचे हे दुखणे आनुवंशिक नाही. तिची जन्मदाती गरोदरपणी दारू पीत असे. ती दारू वारेतून थेट बाळाच्या रक्तात उतरते, आणि बाळाचे यकृत कच्चे असल्यामुळे तिथेच रेंगाळते. मेंदू घडत असतानाच त्याला इजा होते. फ्रान्समध्ये १९६८ साली अशा मुलांचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि १९७३ साली अमेरिकेतील जोन्स व स्मिथ या डॉक्टरांनी त्याला 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' हे नाव दिले. आपल्या बाळाच्या डोळ्यांच्या फटी लहान आहेत, वरचा ओठ पातळ आहे, नाकाखालची पन्हळ जवळजवळ सपाट आहे. दूध ओढता ओढता ती अर्ध्यावरच थकते, आणि दार आपटले की हातपाय ताणून थरथरते. मग तिला छातीशी घेऊन बसावे लागते. पावसाळ्यात मला दम लागायचा तेव्हा माजघराच्या खांबाला टेकून तू मला रात्रभर मांडीवर घेऊन बसायचीस, ते अशा वेळी फार आठवते.

पुढचेही लपवत नाही. ही इजा जन्मभराची आहे. शाळेत लक्ष लागणे, काल शिकलेले आज आठवणे, आकडेमोड, हे सारे तिला जड जाऊ शकते. बाबा, तुम्ही इतक्या मुलांना गणित शिकवलेत, म्हणून तुम्हांला हे अधिक लागेल. पण लवकर झालेले निदान, लहानपणापासूनचे उपचार आणि मारझोड नसलेले स्थिर घर यांनी अशा मुलांचे पुढचे हाल पुष्कळ टळतात. तसे घर आपले आहेच.

तुमची घडी मोडणार नाही. आम्ही पडवीलगतच्या खोलीत राहू, बाबांचा पलंग हलवू नका. रात्री तिच्यासाठी मीच उठेन. आईने गुडघे सांभाळून तिला बसल्या जागी मांडीवर घ्यावे, एवढेच.

आता काही गोष्टी ऐकाच. खळ्यात फटाके वाजवू द्यायचे नाहीत. तिला सर्दी झाली तरी छातीला ब्रँडी चोळायची नाही. धाकट्या वहिनीला दिवस गेले आहेत, तिला औषध म्हणूनही घोटभर फेणी देऊ नका. गरोदरपणात दारूचे सुरक्षित प्रमाण नाही आणि सुरक्षित महिनाही नाही. आसव-अरिष्टांतही मद्यार्क असतो, तेव्हा तीही डॉक्टरांना विचारूनच. आधी काही घेतले गेले असेल तर आई, तिच्यावर रागावू नकोस. जेव्हा थांबेल तेव्हापासून बाळाचे भलेच आहे. बाबांनी रक्तदाबाची गोळी चुकवू नये.

तिचे नाव बाबांनी ठेवावे अशी आमची इच्छा आहे. छोटे आणि तिला उच्चारायला सोपे असे काही सुचवून ठेवा.

तुमची,
बाय