रंगीत सावल्यांचा दिवा बदलणाऱ्या काकांना, मनापासून थँक्यू

नमस्कार काका,

तुमचं नाव इथे मुद्दामच लिहीत नाहीये, कारण हे पत्र तुम्हाला तर आहेच, पण सायन्स सेंटरमध्ये टूलबॅग घेऊन फिरणाऱ्या, बंद पडलेली एक्झिबिट्स उघडून बसणाऱ्या तुमच्यासारख्या सगळ्यांनाच आहे. गाईडचे आभार लोक मानतात, शो घेणाऱ्या मॅडमसाठी टाळ्या वाजतात, पण हँडल फिरवलं की ते फिरतं, बटण दाबलं की काहीतरी होतं, यामागे रोज कुणीतरी राबत असतं हे मुलांना सोडाच, मोठ्यांच्याही लक्षात येत नाही. आमच्या लक्षात आलं ते तुमच्यामुळे.

तुम्हाला आठवत असेल की नाही माहीत नाही, रोज इतकी मुलं येतात तिथे. रंगीत सावल्यांच्या खोलीबाहेर ‘दुरुस्ती चालू आहे’ असा बोर्ड होता आणि माझी मुलगी तो वाचून एकदम हिरमुसली, कारण घरून निघाल्यापासून तिला तेच बघायचं होतं. तुम्ही आत शिडीवर होतात. आम्ही वळून निघालो तेवढ्यात वरूनच म्हणालात, “या की आत, फक्त शिडीला हात लावू नका.” इतकं साधं वाक्य, पण पुढचं सगळं त्या एका वाक्यामुळे झालं.

आत समोरची पांढरी भिंत पिवळी दिसत होती. चांगली ठसठशीत पिवळी. मुलीने विचारलं, “काका, पिवळा दिवा कुठाय?” आणि तुम्ही उत्तर दिलंच नाहीत, नुसतं म्हणालात, “शोध बघू.” ती मान वर करून बघत राहिली, एक लाल दिवा, एक हिरवा, आणि तिसरा बंद, तोच निळा, ज्याच्यासाठी तुम्ही वर चढला होतात. मग ती जवळजवळ ओरडलीच, “इथे पिवळा दिवाच नाहीये!” तुम्ही तिच्या हातात पुठ्ठ्याचा एक तुकडा दिलात आणि लाल दिव्यासमोर धरायला सांगितलंत, भिंत हिरवी झाली. हिरव्यासमोर धरला, लाल झाली. पुठ्ठा काढला, परत पिवळी. हे तिने किती वेळा केलं असेल देव जाणे, आणि तुम्ही वर काम थांबवून शांतपणे बघत होतात, एकदाही “चला बेटा, आता बास” म्हणाला नाहीत.

मग धाकटा मध्ये घुसला, त्याने दोन्ही हात पसरले तर भिंतीवर त्याच्या दोन सावल्या, एक लाल आणि एक हिरवी, आणि जिथे त्या एकमेकींवर चढल्या तिथे मात्र काळी. तुम्ही म्हणालात, आता नीट बघा हं, आणि नवा निळा दिवा लावलात. अख्खी भिंत झर्रकन पांढरी झाली आणि सावल्यांचे रंगच बदलले, एक मोरपंखी, एक राणी कलरची, एक पिवळी. तो क्षण मी विसरणार नाही. मुलगी त्या पिवळ्या सावलीत बोट नाचवत उभी राहिली आणि बऱ्याच वेळाने स्वतःशीच पुटपुटली, “जिथे निळा पोचत नाही तिथे पिवळं.” कुणीही तिला शिकवलं नव्हतं. सावली म्हणजे काळोख असं धरून चालतो आपण, पण तिला कळलं की सावली म्हणजे एका दिव्याचा उजेड जिथे अडतो ती जागा, आणि उरलेले दोन दिवे तिथे पोचतच असतात, म्हणून तिला रंग असतो. राणी कलरच्या सावलीत हिरवा अडतो, मोरपंखीत लाल. हे सगळं पुढे तिने तिचं तिचं लावलं, आम्ही फक्त ऐकत होतो.

मला तेव्हापासून एकच गोष्ट वाटतेय काका. तो दिवा चालू असता तर मुलांनी हाताचे पक्षी-बिक्षी केले असते, मजा आली असती आणि दोन मिनिटांत पुढच्या एक्झिबिटकडे पळाली असती. एक दिवा बंद होता म्हणून त्यांना ते एक्झिबिट आतून कळलं. आणि तुम्ही दार लावून घेऊन गुपचूप दिवा बदलू शकला असतात, तेच सोपं होतं, कामही लवकर झालं असतं. तुम्ही ते केलं नाहीत. थँक्यू त्यासाठी.

पुढे तुम्ही चहाचा वेळ आमच्यासोबत घालवलात तो वेगळाच. तुम्ही म्हणालात की मुलांना काय आवडतं ते कळायला रिपोर्ट वाचावे लागत नाहीत, रंग कुठे उडालाय ते बघायचं. खरंच, नंतर आम्ही बघत सुटलो. फिरत्या पाटाची दांडी तर हातांनी घासून घासून अगदी चकचकीत झाली होती, तोच पाट, ज्यावर उभं राहून हात लांब केले की हळू फिरतो आणि हात छातीशी घेतले की गर्रकन वेग वाढतो. आणि शेजारीच एका पॅनेलवरचं चार परिच्छेदांचं लिखाण एकदम कोरं करकरीत. मला वाटतं सायन्स सेंटर बनवणाऱ्या सगळ्यांनीच ही नजर ठेवायला हवी, कारण मुलं वाचत नाहीत असं नाही, पण आधी हात लावतात आणि मग हवं असेल तर वाचतात, आपण मात्र आधी बोर्ड वाचून दाखवायला लागतो.

तो हवेत तरंगणारा बॉलही तुम्हीच उघडून दाखवलात. बॉल नीट वर जात नव्हता, डुगडुगत होता, तुम्ही खालचं झाकण काढलंत आणि फिल्टरवर धुळीचा जाड थर, केसांचा गुंता वगैरे. धाकट्याने स्वतः ब्रशने तो साफ केला (हे त्याने शाळेत सगळ्यांना सांगितलंय) आणि मग बॉल असा काही उचलला गेला की बास. पाइप तिरका केला तरी बॉल पडेना, तेव्हा तुम्ही त्याला बॉलच्या बाजूने हात फिरवून हवा कुठे जातेय ते बघायला लावलंत. हवा बॉलला चिकटून वळते, बॉल एका बाजूला सरकला की हवा त्याच्यावरून वळून त्याच बाजूला बाहेर फेकली जाते आणि तिचा उलटा धक्का बॉलला परत झोतात आणतो. पुस्तकात हे मी पूर्वी वाचलेलं, पण तळहातावर ती वळलेली हवा लागल्यावर जे कळतं ते निराळं.

अजून एका गोष्टीसाठी खास आभार. केस उभे करणाऱ्या त्या मोठ्या गोळ्याच्या शोआधी तुम्ही आमच्याकडे येऊन हळूच सांगितलंत की आता कडकड आवाज होईल, कानांवर हात ठेवायचे असतील तर ठेवा, आणि दाराजवळची जागा दिलीत. धाकट्याला मोठे आवाज सहन होत नाहीत, त्याला गर्दीतून रडत बाहेर काढायची वेळ आली असती. आणि आमच्या आईंना विचारलंत, पेसमेकर वगैरे काही नाही ना. किती लोक हे विचारतात? तो गोळा म्हणजे व्हॅन डी ग्राफ जनरेटर, 1929 पासूनची आयडिया, आतला पट्टा फिरत फिरत गोळ्यावर चार्ज नेऊन साठवतो आणि डोक्यावरच्या प्रत्येक केसावर एकाच जातीचा चार्ज आला की केस एकमेकांना ढकलतात. तुम्ही म्हणालात हवेत दमटपणा असला की हा रुसतो, कारण चार्ज टिकत नाही, गळून जातो. मुलीला हे फार आवडलं, मशीनचासुद्धा मूड हवेवर असतो म्हणे.

घरी येऊन मी बरंच वाचलं. फ्रँक ओपनहायमर या फिजिक्सच्या माणसाने 1969 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक्सप्लोरेटोरियम नावाचं सायन्स म्युझियम सुरू केलं, त्याआधी तो शाळेत शिकवायचाही, आणि त्याने म्हणे वर्कशॉप मागे लपवलं नाही, येणाऱ्यांना दिसेल असं ठेवलं, लेथ चालतेय, कुणी वेल्डिंग करतंय, आणि मुलं ते बघतायत. एक्झिबिट कसं बनवायचं हेही त्यांनी छापून सगळ्यांना खुलं केलं, त्यामुळे तशीच एक्झिबिट्स आज जगभर सापडतात. त्याच्याही कितीतरी आधी, 1903 मध्ये, ऑस्कर फॉन मिलर यांनी म्युनिकमध्ये डॉइचेस म्युझियमची सुरुवात केली, तिथे बटणं दाबून, दांड्या फिरवून मशीन चालवता यायची. म्हणजे ‘हात लावू नका’ असं न म्हणणारी म्युझियम्स काही आजची नाहीत. वाचताना मला सारखे तुम्हीच आठवत होतात, शिडीवरचे.

मला म्हणूनच तुमच्या साहेबांना एक विनंती करायचीय, तुम्ही पोचवाल का? तुमच्या वर्कशॉपला एक मोठी काच बसवा. आत काय चाललंय ते मुलांना दिसू दे, तुटलेलं हँडल, जळालेली मोटर, झिजलेलं बेअरिंग, आणि ते परत चालू होताना. आणि जमलं तर आठवड्यातून एकदा तुम्ही बाहेर बसून एखादं एक्झिबिट सगळ्यांसमोर उघडा. कुठल्याही शोपेक्षा जास्त गर्दी होईल, मी लिहून देते.

आणि मुलांना घेऊन जाणाऱ्या इतर आईबाबांनाही सांगते, सगळं बघून व्हायला हवं हा आग्रह धरू नका. मूल एका जागी रमलं तर तिथेच थांबा, बाकीचं राहिलं तरी चालेल, परत जाता येतं. शाळांच्या सहली नसतील अशी वेळ फोन करून विचारा, म्हणजे एकेका एक्झिबिटवर हवा तेवढा वेळ मिळतो. आणि बंद एक्झिबिट दिसलं, शेजारी कुणी काम करत असलं, तर “आम्ही बघू का?” एवढं विचारून बघा.

तुम्ही जाताना सांगितलेलं पण करून बघितलं काका. मोबाइलचा स्क्रीन पूर्ण पांढरा केला आणि ओल्या बोटाने त्यावर पाण्याचा अगदी बारीक थेंब टाकला, थेंब भिंगासारखा झाला आणि त्यात लाल, हिरवे, निळे ठिपके दिसले. पांढरं कुठेच नाही. दोघं भावंडं एकमेकांची डोकी बाजूला सारत बघत होती. तेव्हापासून घरातला एकही स्क्रीन सुटलेला नाही, आजीचा फोन झाला, टीव्ही झाला.

आता मुलीचा एक प्रश्न आहे. लाल, हिरवा, निळा उजेड एकत्र केला तर पांढरा होतो, मग तेच रंग तिने ब्रशने कागदावर कालवले तर चिखलासारखा रंग का झाला? मी उत्तर सांगायला तोंड उघडलं तर तिने मला थांबवलं, तिला ते तुम्हालाच विचारायचंय. सुट्टी लागली की येतो आम्ही, रंगवलेला कागद ती सोबत आणणार आहे.

तुमची,
दोन मुलांची आई