'सर्व्हर डाऊन'वर रॅम वाढवणे हाच उपाय नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दाखल्यांचा किंवा प्रवेशांचा हंगाम आला, की ठिकठिकाणी 'सर्व्हर डाऊन'ची पाटी लागते आणि पाठोपाठ जास्त क्षमतेचे यंत्र घेण्याची मागणी पुढे येते. सातपूर-अंबड परिसरातील कारखान्यांचे डेटाबेस सांभाळणे हा माझा व्यवसाय आहे. माझ्या पाहण्यात पुष्कळदा यंत्रात रॅम भरपूर असते, फक्त ती डेटाबेसच्या वाट्याला आलेली नसते.

पोस्टग्रेस असो वा मायएसक्यूएल, या दोन्ही डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवण्यासाठीचा बफर मूळ सेटिंगनुसार अवघा १२८ एमबी असतो. ६४ जीबीच्या यंत्रावर हा वाटा जेमतेम पाचशेव्या भागाएवढा भरतो. सेटिंगला कोणी हात लावला नाही, तर ६४चे १२८ जीबी केल्यावरही तो तेवढाच राहतो. बिल मात्र वाढते.

उलट, आकडे अंदाजाने वाढवणेही घातक आहे. केवळ डेटाबेससाठी राखलेल्या यंत्रावर मायएसक्यूएलच्या बफरला साधारण ७५ टक्के रॅम देता येते. पोस्टग्रेस मात्र ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशवरही (रॅममधील फाइलींच्या तात्पुरत्या साठ्यावरही) विसंबून असल्याने तेथे २५ टक्क्यांपासून सुरुवात करावी आणि ४० टक्क्यांपुढे सहसा जाऊ नये, असे त्याची अधिकृत माहितीपुस्तिकाच सांगते. खरी गफलत होते ती पोस्टग्रेसच्या 'वर्क मेम'मध्ये, म्हणजे माहिती क्रमाने लावण्यासारख्या (सॉर्ट) कामाला द्यायच्या मेमरीच्या मर्यादेत. ही मर्यादा सबंध सर्व्हरसाठी नसून प्रत्येक क्वेरीतील (डेटाबेसला केलेल्या विचारणेतील) प्रत्येक सॉर्टसाठी स्वतंत्रपणे लागू होते. ती १२८ एमबी ठेवली आणि गर्दीच्या वेळी ३०० कनेक्शन प्रत्येकी दोन सॉर्ट करू लागली, तर ७५ जीबीची मागणी उभी राहते. यंत्रात आहेत ६४. मग स्वॅप, म्हणजे रॅमऐवजी संथ डिस्कचा वापर, सुरू होऊन सारे रेंगाळते किंवा लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम थेट डेटाबेसची प्रक्रियाच मारून टाकते, आणि खिडकीवरच्या माणसाला 'उद्या या' असे ऐकावे लागते.

त्यातच एकाच यंत्रावर डेटाबेस, संकेतस्थळ आणि बॅकअप असा सगळा संसार थाटण्याची आपल्याकडे हौस फार. तेथे ७५ टक्क्यांचा हिशोब लागूच पडत नाही. दुसरीकडे मेमरीचा हिशोब दाखवणाऱ्या लिनक्सच्या 'फ्री' या आज्ञेत मोकळी मेमरी कमी दिसली, की घबराट उडते. वास्तविक लिनक्स रिकामी रॅम फाइल कॅशसाठी वापरून घेते आणि गरज पडताच बहुतांशी परत देते. पाहायचा तो 'अव्हेलेबल'चा, म्हणजे प्रत्यक्ष वापरता येण्याजोग्या मेमरीचा रकाना.

२०२७च्या सिंहस्थासाठी नाशिक-त्र्यंबकेश्वरात निवास, वाहतूक आणि नोंदणीच्या प्रणाली लागतील. संबंधित यंत्रणांनी निविदेत किती जीबी रॅम हवी एवढेच न लिहिता, बफर, कनेक्शन, वर्क मेम आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांना तिचा किती वाटा दिला आहे, याचा लेखी तक्ता ठेकेदाराकडून मागवावा आणि पर्वकाळाच्या गर्दीएवढा भार टाकून तो आधीच तपासून घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक डेटाबेस व्यवस्थापक, इंदिरानगर, नाशिक