‘सातांतांगो’ दाखवलात, त्याबद्दल

आदरणीय ताई,

सात तासांहून लांब असा कृष्णधवल हंगेरियन चित्रपट सुट्टीच्या दिवशी, मध्ये चहा-पोह्यांची सोय करून दाखवायचा, हे तुमच्याशिवाय कुणी मनावर घेतलं नसतं. म्हणून हे जाहीर पत्र.

दिग्दर्शक बेला तार यांचा ‘सातांतांगो’ 1994चा. पहिल्याच दृश्यात गोठ्यातून गायी बाहेर पडतात. चिखल तुडवत, पोपडे उडालेल्या भिंतींच्या कडेकडेने रेंगाळत जातात आणि कॅमेरा त्यांच्या बाजूने सरकत राहतो. सात-आठ मिनिटं माणूस म्हणून दिसत नाही. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली, पण मला नजर हटवता येईना. कारण खेळाआधी तुम्ही चित्रपटातल्या गावाच्या सामूहिक शेतीबद्दल बोलला होतात. जमीन, गुरं, अवजारं सगळी सामाईक. ती घडी विसकटली की गुरांना धनी उरत नाही आणि माणसांना काम. हे ऐकलेलं नसतं, तर मला नुसत्या गायीच दिसल्या असत्या.

लास्लो क्रास्नाहोर्काई यांची मूळ कादंबरी 1985ची, म्हणजे कम्युनिस्ट राजवटीतली, हेही तुम्हीच सांगितलंत. चित्रपट आला तो राजवट गेल्यावर. त्यामुळे गावकऱ्यांना भुलवणाऱ्या इरिमियाशचं भाषण ऐकताना अंगावर काटा आला. एस्तिके ही लहान मुलगी गेलेली, तिच्या मृतदेहासमोर उभा राहून हा गोड आवाजात गावकऱ्यांना अपराधी ठरवतो, नव्या वसाहतीचं स्वप्न दाखवतो, आणि लोक आपणहून गाठीचे पैसे टेबलावर ठेवतात. राजवट बदलली तरी अशा माणसाचं काही अडत नाही. त्या प्रसंगाची संथ गती मला फार मोलाची वाटते, कारण फसवणूक किती सावकाश आणि किती राजीखुशीने होते ते तिच्यामुळेच कळतं.

खिडकीशी बसून शेजाऱ्यांच्या हालचाली वहीत टिपणारा तो जाडजूड डॉक्टर तर माझ्या डोक्यातून जात नाही. दारू संपते आणि तो धापा टाकत भर पावसात बाहेर पडतो, एवढाच प्रसंग. तो चालू असताना तुम्ही मागे वळून, “घाई नको, त्याच्याबरोबर चाल,” असं हळूच म्हणालात. तेवढ्या एका वाक्याने मला पुढचे सगळे तास बसवलं. ताई, त्याबद्दल मनापासून आभार.

क्रास्नाहोर्काईंच्याच कादंबरीवरचा तार यांचा ‘वेर्कमाइस्टर हार्मोनिज’ही लावा ना. खुर्च्या मांडायला मी आधी येईन.

तुमची,
तिसऱ्या रांगेतली प्रेक्षक