दंतचिकित्सेतील पारा आणि कर्मचाऱ्यांचे आरोग्य

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दात भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पारायुक्त अमाल्गमचा वापर २०३४ पर्यंत बंद करण्याचे पाऱ्याचा वापर आटोक्यात आणण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हा येथील बैठकीत ठरवले आणि दाढेतली 'चांदी' पुन्हा चर्चेत आली. या चर्चेत प्रश्न विचारले जातात ते सगळे रुग्णाच्या बाजूने: जुनी चांदी काढून घ्यावी का, लहान मुलांच्या दातांत ती भरावी का, गरोदरपणात काय करावे. हे प्रश्न रास्तच आहेत. परंतु ज्यांच्या हातून अशा दाढा वर्षानुवर्षे भरल्या आणि कोरल्या जातात, जे भरण कालवून देतात, तोंडात सक्शनची नळी धरून उभे राहतात आणि दवाखाना बंद होताना ट्रे धुऊन फरशी पुसतात, त्यांच्याविषयी या चर्चेत क्वचितच काही वाचायला मिळते. रुग्णाच्या तोंडात चांदी भरली जाते ती आयुष्यात चार-सहा वेळा; मदतनीस मात्र त्याच हवेत रोज श्वास घेते. दंतवैद्यकाच्या व्यवसायात उमेदीची सारी वर्षे काढलेला एक निवृत्त माणूस म्हणून या दुर्लक्षित बाजूविषयी लिहीत आहे.

अमाल्गममध्ये वजनाने सुमारे निम्मा पारा असतो आणि उरलेला भाग चांदी, कथील आणि तांबे यांच्या भुकटीचा असतो. एकदा घट्ट बसलेल्या भरणातून निघणारी वाफ अगदी थोडी असते. कर्मचाऱ्याच्या दृष्टीने धोक्याच्या वेळा दोन, भरण तयार होताना आणि ते पुन्हा कोरून काढताना. पारा खोलीच्या साध्या तापमानालाही हवेत मिसळत राहतो, आणि त्याच्या वाफेला रंग नाही, वास नाही, तिने डोळे चुरचुरत नाहीत की घसा खवखवत नाही, त्यामुळे खोलीत ती आहे हे इंद्रियांना कळण्याचा मार्गच नाही. गिळला गेलेला द्रव पारा पचनमार्गातून ०.०१ टक्क्याहूनही कमी शोषला जातो, म्हणून 'पारा पोटात गेला तरी काही होत नाही' ही ऐकीव समजूत पूर्णपणे खोटी नाही. मात्र श्वासावाटे आत गेलेल्या वाफेपैकी सुमारे ८० टक्के भाग शरीरात राहतो. ही वाफ रक्तातून मेंदूत शिरते, तिथे तिचे रूप बदलते आणि त्या बदललेल्या रूपात तिला बाहेर पडणे कठीण जाते. तीच वाफ वार ओलांडून गर्भापर्यंतही पोहोचते. शरीरातील साठ्याचा मोठा भाग मूत्रपिंडांत असतो आणि एकूण साठा निम्म्यावर येण्यास साधारण दोन महिने लागतात. रोज थोडा पारा आत येत राहिला, तर रविवारच्या सुटीने तो धुऊन निघत नाही. कित्येक महिने साठा चढतच राहतो.

प्रमाणाची कल्पना यावी म्हणून एक साधा हिशेब मांडतो. आठ तासांच्या कामासाठी हवेतील पाऱ्याची जी मर्यादा औद्योगिक आरोग्याच्या क्षेत्रात आज सर्वसाधारणपणे धरली जाते, ती दर घनमीटरला ०.०२५ मिलिग्रॅम आहे. एक ग्रॅम पाऱ्याचा थेंब वाटाण्याहूनही लहान असतो. तेवढ्या थेंबाची पूर्ण वाफ झाली, तर ४०,००० घनमीटर हवा या मर्यादेपर्यंत पोहोचेल, म्हणजे चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशा अकराशेहून अधिक खोल्या. प्रत्यक्षात थेंब इतक्या लवकर संपत नाही, त्याच्या पृष्ठभागावर साय धरते आणि वारा खेळता असेल तर वाफ बाहेरही जाते. पण याचाच दुसरा अर्थ असा की फरशीच्या सांध्यात किंवा कपाटाखाली घरंगळलेला एक थेंब कित्येक महिने वाफ देत राहू शकतो. वीस अंश सेल्सियसला पूर्ण संपृक्त झालेल्या हवेत दर घनमीटरला सुमारे १३ मिलिग्रॅम पारा मावतो, म्हणजे वर सांगितलेल्या मर्यादेच्या पाचशेपटीहून अधिक.

हा पारा दवाखान्याच्या हवेत येतो कसा, हे जरा तपशिलाने सांगितले पाहिजे, कारण उपाय त्या तपशिलातच आहेत. जुन्या पद्धतीत बाटलीतला पारा आणि भुकटी अंदाजाने घेऊन खलात घोटत, मग तो गोळा कापडात धरून जादा पारा पिळून काढत आणि पुष्कळदा तळहातावरच मळत. यातली प्रत्येक कृती वाफ वाढवणारी आहे, आणि ती करणारी व्यक्ती बहुधा डॉक्टर नसे, मदतनीस असे. पारा आणि भुकटी मोजून बंद केलेल्या कॅप्सूलमुळे यातले पुष्कळसे टळते, तरी कॅप्सूल हलवणाऱ्या यंत्राचे झाकण उघडे ठेवले किंवा कॅप्सूल सैल असली, तर तिथेही सूक्ष्म थेंब उडतात. त्याहून मोठा प्रश्न जुने भरण कोरून काढण्याचा आहे. वेगाने फिरणाऱ्या बरमुळे, म्हणजे दात कोरण्याच्या टोकामुळे, अमाल्गम तापते, वाफ निघते आणि धूळही उडते. पाण्याचा भरपूर फवारा आणि दाताला अगदी लागून धरलेले जोरदार सक्शन असेल तर हवेतील प्रमाण बरेच खाली येते, आणि ही दोन्ही नसतील तर ती वाफ थेट वाकून काम करणाऱ्या दोघांच्या नाकाशी जाते. सक्शनचा पंप आपली हवा त्याच खोलीत किंवा शेजारच्या कोठीत सोडत असेल, तर एका दाराने बाहेर काढलेली वाफ दुसऱ्या दाराने परत येते. यंत्र बसवताना हा प्रश्न विचारणारे फार थोडे असतात. भरणाचे कण चिकटलेली हत्यारे तशीच ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे हत्यारे तापवून निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, गेली किंवा चांदी भरलेले उपटलेले दात निर्जंतुकीकरणासाठी तापवले, तर आतल्या उष्णतेने जी वाफ होते ती दार उघडणाऱ्याच्याच तोंडावर येते.

सांडलेल्या पाऱ्याची कथा वेगळीच. झाडू मारला की एका थेंबाचे शंभर थेंब होतात आणि वाफ देणारा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो. घरगुती व्हॅक्युम क्लीनर लावला तर तो पारा तापवून उलट साऱ्या खोलीभर फेकतो आणि स्वतःही कायमचा दूषित होतो. थेंब जाड कागदाच्या कडेने एकत्र लोटून ड्रॉपरने उचलणे, उरलेल्या बारीक कणांसाठी पाऱ्याकरिता बनवलेली शोषक भुकटी वापरणे, खिडक्या उघडणे आणि सारे घट्ट झाकणाच्या डब्यात बंद करणे, एवढे साधे शिक्षण फरशी पुसणाऱ्या व्यक्तीला कोणी दिलेले नसते. तिला तर ती चकाकणारी गोळी काय आहे, हेही पुष्कळदा सांगितलेले नसते.

मास्कचा उल्लेख इथेच करतो, कारण त्याच्याविषयी खोटा भरवसा फार आहे. शस्त्रक्रियेचा नेहमीचा मास्क थुंकीचे तुषार आणि काही धूळ अडवतो, पाऱ्याची वाफ तो अजिबात अडवत नाही. एन-९५ मास्कही वाफेसाठी निरुपयोगी आहे. त्यासाठी पाऱ्याकरिता खास प्रक्रिया केलेल्या कोळशाचे फिल्टर असलेला श्वसनरक्षक लागतो, आणि तो रोजच्या कामात नव्हे, तर मोठ्या सांडलवंडीच्या वेळी वापरायचा असतो. रोजची सुरक्षा सक्शन, पाणी आणि खेळती हवा यांवरच उभी असते.

हे धोके केवळ कागदावरचे नाहीत. १९६९ मध्ये ब्रिटिश डेंटल जर्नलमध्ये एका दंतसहायिकेच्या पाऱ्याच्या विषबाधेने झालेल्या मृत्यूची नोंद प्रसिद्ध झाली होती. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातील दंतसहायिकांच्या अभ्यासात, आठवड्याला ३० किंवा अधिक अमाल्गम तयार करणाऱ्या आणि पारा निष्काळजीपणे हाताळणाऱ्या स्त्रियांची दर मासिक चक्रात गर्भधारणा होण्याची शक्यता पाऱ्याशी संबंध नसलेल्या स्त्रियांच्या ६३ टक्के इतकीच आढळली; कमी संपर्क असलेल्या सहायिकांत असा परिणाम दिसला नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे, कारण त्यावरून काम करण्याच्या पद्धतीने किती फरक पडतो हे कळते. ग्लासगोच्या संशोधकांनी २००२ मध्ये स्थानिक दंतवैद्यांच्या लघवीतील पारा तुलनेसाठी घेतलेल्या इतर लोकांच्या चौपटीहून अधिक असल्याचे दाखवले. नॉर्वेमध्ये तांबेयुक्त अमाल्गमच्या गोळ्या कालवण्यापूर्वी तापवण्याची पद्धत होती. तिथल्या दंतसहायिकांची २००८ मध्ये रुग्णालयांतील सहायक परिचारिकांशी तुलना केली गेली, तेव्हा विस्मरण, एकाग्रतेचा अभाव, थकवा, झोपेच्या तक्रारी अशी लक्षणे सहायिकांनी अधिक प्रमाणात सांगितली.

यावरून प्रत्येक दवाखाना विषारी आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. कॅप्सूल, चांगले सक्शन आणि अमाल्गमचा घटता वापर यांमुळे अनेक ठिकाणी कर्मचाऱ्यांच्या लघवीतील पाऱ्याचे प्रमाण गेल्या काही दशकांत बरेच उतरले आहे. पण सरासरी उतरल्याने ज्या दवाखान्यात अजून बाटलीतला पारा आणि खल वापरला जातो, तिथल्या मुलीला काय दिलासा? तिची मोजणी मुळात कोणी केलेलीच नाही.

मोजणीवर माझा भर आहे तो याचसाठी. दीर्घकाळच्या पाराबाधेची लक्षणे, म्हणजे बोटांना सूक्ष्म कंप, चिडचिड, अकारण बुजरेपणा, विसरभोळेपणा, निद्रानाश, हिरड्यांची सूज, ही इतकी सर्वसाधारण आहेत की घरचे ती वयावर, संसाराच्या ताणावर किंवा स्वभावावर ढकलतात आणि डॉक्टरही कामाविषयी विचारत नाहीत. लघवीतील पाऱ्याची तपासणी मात्र सोपी आहे. ती क्रिएटिनिन या लघवीतून नियमित बाहेर पडणाऱ्या टाकाऊ द्रव्याच्या प्रमाणात सांगितली जाते आणि दर ग्रॅम क्रिएटिनिनला २० मायक्रोग्रॅम हा आकडा दिसला की कामाची पद्धत तपासायला हवी, असे औद्योगिक आरोग्याचा सध्याचा निर्देशांक सांगतो. केसांची तपासणी या कामासाठी घेऊ नये, कारण केसांत प्रामुख्याने मासे खाण्यातून येणारा मिथाइल पारा दिसतो. त्याचप्रमाणे औषध देऊन मुद्दाम पारा लघवीत उतरवायचा आणि मग मोठा आकडा दाखवून 'शरीरशुद्धी'चे उपचार विकायचे, हा जो धंदा काही ठिकाणी चालतो, त्याच्या वाटेलाही कर्मचाऱ्यांनी जाऊ नये.

२०३४ नंतर हा प्रश्न आपोआप मिटेल असे मानणाऱ्यांना एवढेच सांगायचे आहे की बंदी नव्या भरणांवर येईल, जुनी भरणे कोट्यवधी लोकांच्या तोंडात तशीच असतील आणि ती झिजतील, तुटतील तसतशी कोरून काढावी लागतील. किंबहुना चांदी काढून दाताच्या रंगाचे कंपोझिट भरून घेण्याची हौस वाढली, तर बंदीनंतरची पहिली काही वर्षे कोरण्याच्या कामाची अधिक असतील. सुस्थितीत असलेले भरण केवळ भीतीपोटी काढू नये, या सल्ल्याचा कर्मचाऱ्यांच्या फुप्फुसांशीही संबंध आहे, हे रुग्णांना कोणी सांगत नाही. कोरलेला चुरा सक्शनमधून ज्या गाळणीत आणि विभाजकात (सांडपाण्यातून अमाल्गमचे कण वेगळे करणाऱ्या उपकरणात) साठतो, ती साफ करण्याचे कामही मदतनिसाच्याच वाट्याला येते. या नळ्या ब्लीचसारख्या द्रावणाने धुतल्या तर साठलेल्या अमाल्गममधला पारा विरघळून सुटा होतो. म्हणून २०१७ च्या अमेरिकी नियमांत विभाजक सक्तीचा करताना अशा द्रावणांना मनाई केली गेली.

नियमांची वाट तरी किती पाहायची, हाही प्रश्न आहेच. बाटलीतल्या सुट्या पाऱ्याचा दंतवैद्यकातील वापर थांबवण्याचे मिनामाता कराराच्या २०२२ मधील बाली येथील बैठकीतच ठरले आहे. हवेतील पारा मोजण्याचे उपकरण प्रत्येक दवाखान्याने विकत घेण्याची गरज नाही. दंतवैद्यांच्या संघटनांनी एखादे उपकरण घेऊन सभासदांच्या दवाखान्यांत वर्षातून एकदा फिरवले तरी कुठे फरशीखाली जुना पारा आहे आणि कुठे सक्शनचा पंप खोलीतच श्वास सोडतो आहे, ते उघड होईल. दंतमहाविद्यालयांत विद्यार्थ्यांना पाऱ्याच्या हाताळणीचे धडे मिळतात, पण तिथल्या सफाई कामगारांना आणि हत्यारे धुणाऱ्यांना त्या वर्गात कोणी बसवत नाही.

लघवीची तपासणी नोकरीवर घेताना एकदा आणि नंतर दर वर्षी व्हावी, तिचा खर्च मालकाने करावा आणि अहवालाची प्रत कर्मचाऱ्याच्या हाती द्यावी. गरोदर असलेल्या किंवा गर्भधारणेचा विचार करणाऱ्या मदतनिसाला अमाल्गम कालवण्याच्या आणि कोरण्याच्या कामातून बाजूला ठेवावे, आणि तसे करताना तिचा पगार कापला जाऊ नये. आपल्या दैनिकाने पुढच्या वेळी या विषयावर तज्ज्ञांची मते मागवताना एखाद्या दंतसहायिकेलाही बोलते करावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त दंतवैद्य